मंजूर झालेली गाडी गावात का पोहोचत नाही?

या वेळच्या टपालात मराठवाड्यातून आलेल्या बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे. मार्ग मंजूर झाला, वर्तमानपत्रात बातमी आली, गावात पेढेही वाटले गेले. गाडी मात्र सुरू झाली नाही. काही पत्रे एसटीच्या नव्या फेऱ्यांविषयी आहेत, काही रेल्वेविषयी. त्यांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत. गावांची आणि कार्यालयांची नावे जाणीवपूर्वक गाळली आहेत.

प्रश्न : आमचे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. तालुक्याच्या ठिकाणाहून आमच्या गावापर्यंत एसटीची नवी फेरी मंजूर झाल्याचे आम्हांला गेल्या पावसाळ्यापूर्वी सांगण्यात आले. आगारात गेलो की ‘प्रस्ताव विभागाकडे आहे’ असे सांगतात. एसटीच्या विभागीय कार्यालयात गेलो तर ‘रस्त्याचा दाखला आलेला नाही’ असे उत्तर मिळते. आणि बांधकाम खात्यात चौकशी केली तर ‘आमच्याकडे असे पत्रच नाही’ असे ऐकून परतावे लागते. खरे कोण बोलत आहे? — एक निवृत्त शिक्षक

उत्तर : तिघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे, आणि आपल्या अडचणीचे मूळही त्यातच आहे. नवी फेरी म्हणजे एका अधिकाऱ्याची एक सही, अशी आपली सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात तिच्यासाठी रस्ता, गाडी, चालक-वाहक आणि वेळापत्रक या चार गोष्टी जुळाव्या लागतात. त्यांपैकी रस्ता तर एसटी महामंडळाच्या अखत्यारीत मुळीच नसतो. त्यामुळे ‘मंजूर झाले’ असे सांगणाऱ्याने यांपैकी कशाची मंजुरी मिळाली, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. पुष्कळदा मंजुरी म्हणून गावात फिरणारा कागद हा केवळ शिफारसपत्राची प्रत असतो. आपल्याकडील कागद कोणी, कोणाला आणि कोणत्या जावक क्रमांकाने लिहिलेला आहे, हे आधी पाहावे.

आता रस्त्याविषयी थोडे विस्ताराने, कारण डोंगराळ भागातील प्रस्ताव बहुधा तेथेच अडतात. मागणी आल्यावर आगाराकडून वाहतूक निरीक्षकाने मार्गाची पाहणी करावयाची असते. रस्ता डांबरी आहे एवढे त्याला पुरत नाही. ग्रामीण रस्त्याची डांबरी पट्टी साधारणतः ३.७५ मीटर रुंद असते आणि मोटार वाहन नियमांनुसार बसची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे समोरून उसाची ट्रॉली आली की दोघांपैकी एकाला बाजूपट्टीवर उतरणे भाग आहे. उन्हाळ्यात ती बाजूपट्टी दगडासारखी टणक असते. मृगाच्या दोन सरी पडल्या की त्याच काळ्या मातीत मागचे चाक आसापर्यंत रुतते. म्हणून मे महिन्यात ‘रस्ता उत्तम आहे’ असा निर्वाळा देणारे ग्रामस्थ आणि जुलैत गाडी पाठवण्यास नकार देणारा आगार व्यवस्थापक हे दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

त्याखेरीज ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली किती वेळ राहतो, वळणावर बाभळीच्या फांद्या गाडीच्या टपाला लागतात काय, विजेच्या तारा किती खाली लोंबतात, हे पाहिले जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी वळणार कोठे? आपल्याकडे गाडी वळवण्याची जागा म्हणजे मारुतीच्या पारासमोरचे पटांगण. तेथे एका बाजूला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला कडब्याची गंजी आणि मधोमध मोटारसायकली असतात. वाहकाने खाली उतरून शिट्टी वाजवत दहा-अकरा मीटर लांबीची गाडी तेथे मागे घ्यायची आणि त्याच वेळी पोरे चाकांभोवती खेळत असायची, हा प्रकार एखाद्या दिवशी निभावतो, रोज निभावत नाही. मोकळी जागा ठरवून ती मोकळी ठेवणे हे ग्रामपंचायतीच्या हातातले काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही कार्यालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचा दाखला रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून यावा लागतो. येथेच आपल्या पत्रातील कोडे सुटण्याची शक्यता आहे. गावाला जोडणारा रस्ता जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील असू शकतो. एकाच रस्त्याचा अर्धा भाग एकाकडे आणि उरलेला दुसऱ्याकडे असणेही नवलाचे नाही. एसटीच्या विभागीय कार्यालयाने पत्र एका कार्यालयाला पाठवले आणि आपण चौकशी दुसऱ्याकडे केली, असे झालेले असू शकते. तेव्हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून) लेखी घ्यावे, दाखल्याची मागणी करणाऱ्या पत्राची प्रत आगारातून घ्यावी आणि ती स्वतः त्या कार्यालयात नेऊन पोच घ्यावी. टपालाच्या भरवशावर राहू नये.

दाखला मिळाल्यानंतरही गाडी लागते, आणि हा भाग आपल्या हातात नाही. कोरोनाचा काळ आणि त्यापाठोपाठ ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला कर्मचाऱ्यांचा संप, या दोन्हींमध्ये बंद पडलेल्या अनेक ग्रामीण फेऱ्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या आणि नव्या त्या मानाने उशिरा आल्या. त्यामुळे आगाराला नवी फेरी द्यायची म्हणजे बहुतेक वेळा जुन्या फेरीचा मार्ग वाढवायचा, नाहीतर दुसऱ्या गावाची फेरी कमी करायची. दुसरा पर्याय कोणी उघडपणे सांगत नाही, कारण त्या दुसऱ्या गावालाही लोकप्रतिनिधी असतात. माझा सल्ला असा की आपण स्वतंत्र फेरीचा हट्ट धरण्याऐवजी शेजारच्या मोठ्या गावापर्यंत येणारी फेरी पुढे आपल्या गावापर्यंत वाढवून मागावी. वाढीव अंतर एका टप्प्याइतके, म्हणजे ६ किलोमीटरच्या आत असेल, तर गाडी आणि कर्मचारी तेच राहून केवळ वेळापत्रक हलवावे लागते. मात्र कामगार कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्याचे काम दिवसाला आठ तास व आठवड्याला ४८ तास एवढेच असावे लागते. त्या चौकटीत ही वाढ बसते की नाही, हे आगारात बसून कागदावर मांडून घ्यावे. तिन्ही कार्यालयांत ‘कधी सुरू होणार?’ असे विचारून आजवर काही हाती लागलेले नाही. त्याऐवजी ‘आता कोणता कागद बाकी आहे आणि तो कोणाच्या टेबलावर आहे?’ एवढेच विचारावे.

प्रश्न : आमच्याकडे दिवाळीनंतर नवी फेरी वाजतगाजत सुरू झाली. गाडीला हार घातला, नारळ फोडला. थोड्याच आठवड्यांत ‘भारमान नाही’, म्हणजे गाडीतील जागांच्या मानाने प्रवासी नाहीत, म्हणून ती बंद झाली. आता पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव दिला तर ‘मागे चालवून पाहिली’ हेच उत्तर येते. — सरपंच, बीड जिल्हा

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘दिवाळीनंतर’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. नव्या मार्गावरची गाडी प्रायोगिक तत्त्वावर चालवतात आणि त्या काळातले भारमान व प्रतिकिलोमीटर उत्पन्न पाहून पुढचा निर्णय करतात. महामंडळाला डिझेल फुकट मिळत नाही, त्यामुळे या पद्धतीला तत्त्वतः नावे ठेवता येणार नाहीत. पण आपल्या जिल्ह्यातील अनेक गावांत दसरा-दिवाळीनंतर निम्मी वस्ती कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाते आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतते, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्या महिन्यांत गावात म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुलेच उरतात, त्या महिन्यांत प्रवासी मोजून गावाला गाडीची गरज नाही असा निष्कर्ष काढणे हा मोजणीचा दोष आहे, गावाचा नव्हे.

म्हणून नव्या प्रस्तावात प्रायोगिक काळ जूनच्या मध्यापासून, म्हणजे शाळा-महाविद्यालये उघडताना सुरू व्हावा आणि तो किमान दसऱ्यापर्यंत चालावा, असे कारणासह स्पष्ट लिहावे. कारण लिहिलेले असले की ते फाईलमध्ये राहते आणि पुढच्या अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी म्हणावेच लागते. आठवडी बाजाराचा वार, जवळच्या महाविद्यालयाची वेळ आणि तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ हीसुद्धा नोंदवावी. सकाळी अकरा वाजता तालुक्याला पोहोचणारी गाडी ना विद्यार्थ्याच्या उपयोगाची असते ना रुग्णाच्या. ती रिकामी धावली तर दोष वेळेचा असतो.

सवलतींचाही यात संबंध आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, आणि या सवलतींची भरपाई राज्य शासनाने महामंडळाला द्यायची असते. अशा मार्गांवर बहुतेक प्रवासी याच वर्गांतले असतात. वाहकाच्या थैलीत त्या दिवशी पैसे कमी दिसले तरी ते त्या फेरीचे पूर्ण उत्पन्न नसते. आकडे दाखवले गेले तर त्यांत सवलतीची प्रतिपूर्ती धरली आहे काय, हे अवश्य विचारावे.

हार-नारळाविषयी एवढेच म्हणेन की हार घालण्याचा दिवस पाहुण्यांच्या सोयीने ठरतो. सरपंच म्हणून आपण तो शाळेच्या पहिल्या आठवड्यातला मागून घेतला असता तर कोणी नाही म्हटले नसते.

प्रश्न : पहाटेची गाडी हवी तर रात्री ती गावात मुक्कामी असली पाहिजे, आणि मुक्कामी गाडी द्यायला आगार तयार नाही. का? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर : मुक्कामी गाडीबरोबर चालक आणि वाहकही मुक्कामी असतात. त्यांनी कोठे झोपायचे, सकाळी कोठे जायचे आणि तिकिटांची रोख रक्कम रात्रभर कोणाच्या भरवशावर ठेवायची, या प्रश्नांना अनेक गावांत उत्तर नसते. ते गाडीतच, डासांत, बाकावर पाठ टेकतात आणि पहाटे तोच चालक घाटात गाडी घालतो. समाजमंदिरातील एक बंद होणारी खोली, पाणी, दिवा आणि वापरण्याजोगे शौचालय देण्याचा ठराव ग्रामपंचायतीने केला आणि तो प्रस्तावाला जोडला, तर आगाराचा निम्मा नकार गळून पडतो. ते जमत नसेल तर शेजारच्या गावी मुक्कामी असलेली गाडी पहाटे आपल्या गावावरून नेण्याची मागणी करावी.

प्रश्न : जीपवाल्यांच्या दबावामुळे बस सुरू होत नाही, असे आमच्याकडे उघड बोलले जाते. — एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : असे बोलले जाते हे खरे, परंतु सिद्ध करता येणार नाही असा आरोप प्रस्तावात लिहून त्याला वादाचे स्वरूप देऊ नये. टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेणारी वाहतूक आणि ठरवून केलेली कंत्राटी वाहतूक यांत मोटार वाहन अधिनियम, १९८८ ने फरक केलेला आहे. परवान्याविरुद्ध वाहतूक होत असेल तर त्याची तक्रार परिवहन कार्यालयाकडे स्वतंत्रपणे करता येते. बस नसताना बाळंतिणीला दवाखान्यात याच जीपने नेलेले असते, हेही विसरू नये.

प्रश्न : अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेच्या बातम्या वाचत आमची एक पिढी म्हातारी झाली. रुळांवरून चाचणीचे इंजिन धावते, छायाचित्रे छापून येतात, आणि मग पुन्हा महिनोन्‌महिने शांतता. चाचणी यशस्वी झाली असेल तर गाडी सोडायला हरकत कोणती? — एक व्यापारी, बीड जिल्हा

उत्तर : आधी या मार्गाचे वय पाहू. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. साडेतीनशे कोटी रुपयांच्या आसपासचा मूळ अंदाज वाढत ४,८०५ कोटींपर्यंत पोहोचला. खर्चाचा निम्मा भार राज्य शासनाने उचलायचे ठरले, आणि तेव्हापासून केंद्राचा हप्ता आला तर राज्याचा नाही, राज्याचा आला तर जमिनीचा मोबदला अडलेला, असे अनेकदा घडले. अहिल्यानगरहून आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरवर डिसेंबर २०२१ मध्ये वेगाची चाचणी झाली, आणि प्रवासी गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. बीडला गाडी पोहोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. तो मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस होता.

चाचणी आणि प्रत्यक्ष सेवा यांच्यामध्ये कायद्याने ठेवलेली एक पायरी आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम २१ व २२ नुसार नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी त्याची तपासणी करावी लागते आणि त्यांच्या अहवालानंतरच परवानगी मिळते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधिपत्याखाली असतात. रेल्वे बांधणाऱ्यानेच ती तपासू नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. रेल्वेच्या बांधकाम विभागाने आपल्या खात्रीसाठी इंजिन धावडवले तर ती आयुक्तांची तपासणी नव्हे. छायाचित्र पाहताना ते कोणत्या चाचणीचे आहे हे विचारले तर पुष्कळसा भ्रमनिरास टळेल.

तपासणीत पूल, मोऱ्या, सिग्नल, फाटके किंवा भुयारी मार्ग, फलाटांची उंची आणि रुळांखालचा भराव हे सारे पाहिले जाते, आणि त्रुटी दुरुस्त केल्याचे कळवावे लागते. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरचा नवा भराव पुरता बसायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला वेगावर मर्यादा घालतात. इथपर्यंतचा उशीर मी उशीर मानत नाही. परवानगी हाती आल्यानंतर केवळ समारंभाच्या तारखेसाठी गाडी थांबली असेल, तर मात्र तो अक्षम्य आहे. आपण व्यापारी मंडळींनी विचारपूस करावी ती याच दोन तारखांची : आयुक्तांची परवानगी कोणत्या दिवशी मिळाली आणि पहिली गाडी कोणत्या दिवशी सुटली.

बीड ते परळी हा टप्पा सुरू होताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. बीडकडचा मार्ग मध्य रेल्वेचा आहे, तर परळी वैजनाथ स्थानक दक्षिण मध्य रेल्वेत येते. गाडी परळीहून पुढे परभणी, नांदेड किंवा लातूरकडे जोडायची असेल तर दोन क्षेत्रीय रेल्वेंच्या वेळापत्रकांचा मेळ बसवावा लागेल. बीडपर्यंतची सेवा सुरू झाली तेव्हा दिवसाला एकच जाणे-येणे होते. परळीच्या बाबतीत तसे होऊ नये असे वाटत असेल, तर वेळापत्रकाविषयीच्या सूचना दोन्ही मुख्यालयांना आताच पाठवाव्यात. रूळ पूर्ण झाल्यावर पाठवलेल्या सूचना पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात ढकलल्या जातात.

प्रश्न : स्टेशन गावाबाहेर, आणि गाडीच्या वेळेला बस नाही. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत काय? — एक वाचक

उत्तर : फारशी नाहीत. निजाम राजवटीत १९३२ मध्ये सुरू झालेले आणि मराठवाड्यातही बस चालवणारे खाते निजाम स्टेट रेल्वेचाच एक भाग होते. आज एकीकडे केंद्राची रेल्वे आणि दुसरीकडे राज्याचे महामंडळ आहे. रेल्वेचे वेळापत्रक आपोआप आगारात पोहोचत नाही. ते छापील स्वरूपात जोडून, गाडीच्या आगमनानंतर वीस मिनिटांनी सुटणारी फेरी मागणारा अर्ज आगार व्यवस्थापकांना द्यावा.

प्रश्न : जालना–जळगाव रेल्वे आमच्या भागातून जाणार म्हणून जमिनींचे व्यवहार जोरात आहेत. गाडी केव्हा? — एक शेतकरी, सिल्लोड परिसर

उत्तर : १७४ किलोमीटरच्या आणि ७,१०५ कोटी रुपयांच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली आणि शासकीय निवेदनात २०३०-३१ पर्यंत काम पूर्ण करण्याचे म्हटले आहे. बीडच्या मार्गाचा अनुभव वर आलाच आहे. गाडी येणार या भरवशावर आज जमीन विकू नये आणि कर्ज काढून घेऊही नये. भूसंपादनाची अधिसूचना आपल्या गट क्रमांकासह निघेपर्यंत मार्गाची रेषा दोन-चार शिवारे इकडेतिकडे सरकू शकते.

प्रश्न : माहिती अधिकारात अर्ज केला होता. ‘बस का सुरू होत नाही?’ असे विचारले. ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ असे उत्तर आले. — एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : उत्तर कोरडे असले तरी बेकायदा नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अभिलेखात असलेली माहिती मिळते, अधिकाऱ्याकडून कारणमीमांसा लिहवून घेता येत नाही. तेव्हा ‘का’ हा शब्द काढून टाकावा आणि कागद मागावेत : मार्ग पाहणीच्या अहवालाची प्रत, रस्त्याच्या दाखल्याच्या मागणीपत्राची व त्याच्या उत्तराची प्रत, प्रस्तावावरील टिपणीची प्रत, आणि त्या आगारातील सध्याच्या ग्रामीण फेऱ्यांची वेळापत्रके. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तो लागत नाही. ३० दिवसांत माहिती आली नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर त्यापुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे.

एक अर्ज एसटीच्या विभागीय कार्यालयाकडे आणि दुसरा रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाकडे एकाच दिवशी द्यावा. दोन्हीकडची आवक-जावक नोंद समोरासमोर ठेवली की पत्र कोठे थांबले ते दिसते. त्यानंतर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल तीत ही कागदपत्रे वाचून दाखवावीत आणि ज्या कार्यालयाकडे कागद अडला आहे त्याच्याच नावे ठराव करावा. ‘शासनाने बस सुरू करावी’ असा मोघम ठराव करू नये. तो ज्या-ज्या कार्यालयात जातो तेथून ‘आपणाशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.